कोकराचं गाणं

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. पोटावर चीर, एक खुंटी सैल. मुरुमच्या शाळेतल्या अनिरुद्ध सरांची बदली झाली, तेव्हा ते मला आपल्या विद्यार्थ्याच्या, नंदीशच्या हाती सोपवून गेले. तेव्हापासून मी त्याच्याच घरी आहे.

नंदीश आता आठवडाभर संगणकावर लोकांचे दाखले काढून देतो. रविवारी मात्र तो माझा असतो. रस्त्याचा आवाज आत येऊ नये म्हणून दाराला वडिलांचं घोंगडं टांगतो, पंखा बंद करतो, मोबाइल ज्वारीच्या डब्याला टेकवतो आणि घामाघूम होऊन माझं रेकॉर्डिंग करतो. एक सूर चुकला की पुन्हा पहिल्यापासून! असं माझं कौतुक कुणी केलं नव्हतं.

एका रविवारी त्या रेकॉर्डिंगमध्ये त्याच्या आईचा आवाज आला. म्हाळसाबाई बाहेर तूर निवडत गुणगुणत होत्या :

‘भागू, मागं राहू नको गं, कळप गेला पुढं...’

नंदीश हरखला. त्यानं दार हळूच उघडून सगळं गाणं टिपून घेतलं, त्याच्या साथीला मला वाजवलं आणि ‘आईचं कोकराचं गाणं’ असं नाव देऊन मोबाइलवरून जगाला ऐकवलं. आईला विचारलं नाही. मीही त्यात वाजले होते.

गाणं खूप पसरलं. कुणीतरी त्यावर नाचणाऱ्या मेंढरांचा व्हिडिओ बनवला. लोक हसले.

चार दिवसांनी म्हाळसाबाई गिरणीतून परतल्या. पीठ तसंच उंबऱ्यावर ठेवलं.

“नंद्या, गिरणीत बाया बें बें करून हसत हुत्या. काय केलंस तू?”

“आई, लोकांना लई आवडलंय तुझं कोकराचं गाणं...”

“कोकरू न्हाय ती,” त्या म्हणाल्या. “भागू माझी लेक हुती. तुझ्या आधीची.”

नंदीशनं मला मांडीवरून खाली ठेवलं.

“तामलवाडीकडं मेंढरं घेऊन चाललो हुतो. पोरीला ताप भरला. दवाखाना लांब. तिथंच वाटंला पुरली अन् दुसऱ्या दिवशी कळप पुढं न्यावा लागला. ती मागं राहिली बघ.”

नंदीशनं गाणं लगेच काढून टाकलं. पण तोवर ते शेकडो मोबाइलवर गेलं होतं. मेंढरं नाचवणाऱ्यालाही त्यानं हात जोडून विनवलं. त्यानं काढलं, दुसऱ्यानं पुन्हा लावलं. सुटलेला आवाज गोळा करून आणता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

म्हाळसाबाई मुक्यानं तूर निवडू लागल्या. नंदीशनं मला भिंतीवरच्या खुंटीला टांगलं. दोन महिने माझ्यावर धूळ साचली; पण मला तिचं दुःख नव्हतं.

मग एका दुपारी नंदीश मोबाइल बंद करून आईसमोर बसला.

“आई, भागू कशी हुती गं?”

त्यांनी निवडायची तूर बाजूला सारली. मग म्हणाल्या, “लई हट्टी. कडेवर घेतलं की खाली सोड म्हणायची, अन् खाली सोडलं की कडेवर घे.”

आणि त्या बोलत राहिल्या. नंदीश ऐकत राहिला. गाणं मात्र त्यांनी पुन्हा म्हटलं नाही.

मित्रांनो, माझी चीर बुजवा, तारा बदला, मी पुन्हा वाजेन. पण कुणाचा आवाज टिपण्याआधी त्याच्यापाशी बसा आणि विचारा, हे गाणं कुणाचं आहे?