हाक मारता येईल असं नाव

बायजाच्या पोराला अकरा दिवस होऊन गेले तरी नाव नव्हतं. म्हणजे घरात एक नाव ठरलेलं होतं, पण ते बायजाला नको होतं, आणि का नको हे सांगायला तिची जीभ रेटत नव्हती.

सासूनं, सोनुबाईनं, पोर हातात घेतल्या घेतल्या सांगून टाकलं होतं, "माझा पोपट आला. नाव पोपटच." पोपट म्हणजे तिचा एकुलता एक लेक, बायजाचा नवरा. वर भोर घाटात आगगाडीचा रस्ता फोडायचं काम चाललं होतं. भात झोडून झालं तसा तो त्या कामावर गेला आणि शिमग्याच्या आधी तिथंच पटकीच्या साथीत मेला. घाट तसा त्यांच्या कोंडाणे गावाच्या डोक्यावरच, सुरुंगांचे आवाज घरात ऐकू यायचे. पण त्याला जाळलंही तिकडंच.

आता नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नाही, ही आपली रीत. घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. बायजानं ती इतकी पाळली की पिकल्या भातावर पोपटांचे थवे उतरले तरी ती "हिरवी पाखरं आली, हिरवी पाखरं!" असं ओरडायची. नणंद हिरू मुद्दाम आंब्याकडं बोट दाखवून विचारायची, "वैनी, त्ये काय गं बसलंय फांदीवर? लाल चोचीचं?" बायजा म्हणायची, "तुमचं डोस्कं बसलंय." पोपट मिशीतल्या मिशीत हसायचा. उखाण्यात तिनं एक-दोनदा नाव घेतलं होतं, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून. पण नाव घेणं वेगळं आणि हाक मारणं वेगळं. हाक तिनं कधी मारली नव्हती.

बारशाच्या सकाळी सोनुबाई घुगऱ्यांचे हरभरे चुलीवर चढवत होती, तेव्हा बायजानं धीर केला.

"आय, दुसरं कायतरी ठेवूया."

सोनुबाईचा हात थांबला. "का गं? माज्या लेकाचं नाव नगं झालं व्हय तुला?"

"तसं नाय. दगडू ठेवा, धोंडू ठेवा, केरू ठेवा. मला हाक मारता येईल असं ठेवा."

"बाळ म्हन, सोन्या म्हन. कोन अडवतंय?"

"आन पोर उद्या नदीच्या काठाला गेलं मंजी? सोन्या म्हनलं तर धा घरची पोरं वळून बगतील."

मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते तिनं सांगितलं. पोपट घाटावर निघाला तेव्हा तिला दिवस गेले होते आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. एका खोलीचं घर, सासू नि नणंद हाताच्या अंतरावर, सांगायचं कधी? माणसं गावाबाहेर पडली तशी ती ओढ्यापर्यंत धावत गेली. केवढा तरी घोळका, आणि तो पार पुढं. तिनं जीव खाऊन हाक मारली, "अवोऽ!" मागचे तिघे-चौघे वळले. एक जण म्हणाला, "कुनाचा अवो पायजे गं?" सगळे खिदळले. पोपट आपला बोलत बोलत वळणाआड गेला. बायजा लाजेनं मेल्याहून मेली आणि माघारी फिरली. शिमग्याला येईल तेव्हा सांगू, असं तिनं मनाशी म्हटलं.

"नावानं हाक मारली आसती तर वळला आसता वो आय," ती म्हणाली. "त्येचं आयुष्य कमी व्हईल म्हून तोंड मिटून ऱ्हायले. काय ऱ्हायलं आयुष्य? पोर व्हनार हाय, येवढंबी त्येला कळलं नाय."

सोनुबाईनं चुलीतली लाकडं पुढं सारली. मग म्हणाली, "दिसातनं धा येळा हाक मारायची मी त्येला. आता येळ झाली की तोंड उघडतंय आन तसंच मिटतंय. माज्या तोंडातनं त्येचं नाव काढू नगंस, बायजा."

दोघींचं दुःख एकाच माणसाचं, आणि तरी एकीला हवं ते दुसरीच्या आड येत होतं. बायजा उठून पोराला पाजायला गेली.

दुपारी बायका जमल्या. हिरूनं पाळण्यात वाकून पोराच्या कानात कुर्रर्र करून पोपट हे नाव सांगितलं, बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपके घातले, आणि एकेकीनं त्या नावानं हाक मारत पाळण्याला झोका दिला. बायजा भिंतीशी बसून होती. सोनुबाईची पाळी आली तशी ती पाळण्याशी गेली, आणि तिथून बायजाकडं बघत राहिली.

"ऊठ," ती म्हणाली. "आदी तू मार हाक. नावानं."

बायका चपापल्या. एक म्हातारी म्हणाली, "अगं सोनू, काय रीतभात?" सोनुबाई तिच्यावर खेकसली, "रीतीनं काय वाचिवलं माजं? मार गं तू."

बायजा उठली. पाळण्याची दोरी धरून तिनं ओठ जुळवले. आवाज आला नाही. तिनं पुन्हा जुळवले. लग्न झाल्यापासून जी जीभ त्या नावाला वळसा घालून गेली होती, ती एका दुपारीत सरळ कशी चालणार? शेवटी तिच्या तोंडून निघालं ते "अवो" निघालं. आणि ते निघाल्यावर तिला थांबवेना. "अवो, पोरगा झालाय. आयकलं का, आपल्याला पोरगा झालाय," असं ती पाळण्यात बघून पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. सोनुबाई जिच्यावर खेकसली होती ती म्हातारीसुद्धा रडू लागली.

सोनुबाईनं तिला धरून खाली बसवलं. मग हिरूला म्हणाली, "फिरून वाक. दुसरं नाव सांग त्येला."

"कंचं गं आय?"

"तिला इचार."

बायजाला काही सुचत नव्हतं. हिरूच म्हणाली, "लडकू ठेवू, वैनी?" बायजानं मान हलवली. हिरूनं ते नाव कानात सांगितलं. या खेपेला तिच्या पाठीत कुणी मारलं नाही. बायजानं डोळे पुसले आणि हाक मारली, "लडकू." ती हाक सहज आली.

घुगऱ्या वाटायच्या होत्या, पण सोनुबाई घरात नव्हती. ती मागच्या दारानं परसात गेली होती. तिथून तिची हाक आली, शेतातल्या माणसाला जेवायला बोलवावं तशी, "पोपटऽ! ए पोपटऽ!" मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

ती आत आली, तोंडावरून पदर फिरवून पातेल्याशी बसली आणि ओंजळी भरू लागली.

"घ्या गं घुगऱ्या," ती म्हणाली. "आजपासनं मीबी त्येचं नाव घ्यायची नाय."