शिवलेला अर्ज

खिडकीतल्या कारकुनाने घटस्फोटाचा अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“हा शिवलाय कशाला?”

“पान हरवू नये म्हणून,” माझी लेक म्हणाली.

माझी लेक कोट शिवते. अर्ज, प्रतिज्ञापत्र, फोटो, लग्नाचा दाखला अशी बावीस पानं एकत्र घेऊन तिने डाव्या कडेला मशीन मारली होती. टाका न् टाका सारखा. असा हात आमच्या अख्ख्या खानदानात कुणाचा नाही, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

“पानं सुटी करून द्या. प्रत्येक पानावर शिक्का लागतो. फाटलं तर पुन्हा टाइप करावं लागेल. एक वाजता खिडकी बंद, उद्यापासून महिनाभर सुट्टी.”

एक वाजायला वीस मिनिटं होती. महिनाभरात काय होतं ते मला पक्कं ठाऊक. तिच्या सासरचे चार येतात, आपले चार बसतात, आणि पोरीची समजूत काढून तिला परत पाठवतात.

मागच्या वेळी हेच झालं, आणि तेही माझ्यामुळे. अर्ज द्यायच्या आदल्या दिवशी मीच तिच्या फायलीतून लग्नाचा दाखला काढून कपाटात चादरींखाली लपवला. पोरीचा संसार मोडू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मी लोकांना घाबरले होते. अर्ज परत आला, ती परत गेली, आणि आठ महिन्यांनी मनगटाला प्लास्टर घालून माझ्या दारात उभी राहिली. दाखल्याचं तिने मला एकदाही विचारलं नाही. नवी प्रत काढली आणि या वेळी शिवून टाकली.

तिने गळ्याशी खोचलेली सुई काढली. सुईने टाका उचलायचा, दोरा दातांनी तोडायचा, की पुढचा. रांगेत कुरकुर सुरू झाली, तशी मी वळले.

“माझी मुलगी काम करतेय. जरा दम धरा.”

कोर्टात माझा एवढा आवाज निघेल असं मलाच वाटलं नव्हतं.

शेवटचा दोरा निघाला. खिडकीची फळी वीतभर, वर पंखा गरगरत होता. सुटा गठ्ठा छातीशी धरून ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मी मान खाली घातली.

“धर, आई. एकेक दे.”

मी एकेक पान देत गेले, ती त्याची कड नखाने सपाट करून आत सरकवत गेली. कुठेही फाटलं नव्हतं. कारकुनाने एक पान उजेडाकडे धरून पाहिलं.

“हात चांगला आहे. तुम्ही कोण यांच्या?”

“आई,” मी मान ताठ करून म्हणाले.

बाविसावं पान लग्नाचा दाखला होता. तो मी तिच्याकडे दिला नाही. माझ्याच हाताने खिडकीतून आत दिला.