आमची वाघीण ठेवून घेतली

"बरी झाली की सोडू," म्हणाली होती जंगलखात्याची माणसं, जखमी वाघिणीला उचलून नेताना. पाऊस सरत आला, भात पोटरीला आलं, तरी वाघिणीचा पत्ता न्हाय. आणि आता कळतंय, तळ्याकडच्या त्या नव्या सफारीत तिला बघायला तिकीट लावलंय! डोंगर आमचा, बिबळीण आमची, आम्ही तिला वाघीणच म्हणतो, आणि मिरवणार हे. बरी झाली असणार कधीच. ठेवून घेतलीन् मेल्यांनी.

माझी शेळी नेली तेव्हा मी तिच्या सात पिढ्या उद्धरल्या, न्हाय कशाला म्हणू? पण ती होती तोवर रानडुकरं बांधाला शिवत नव्हती. ती गेली आणि डुकरांनी वरचं खाचर पार लोळवलं. आता खालचंही गेलं तर वर्षभर खायचं काय?

"कशाला जातेस सफारीत, बायजा? सोडतील त्यांच्या वेळेला," आमचे हे, रावजी, म्हणाले. ह्यांचं हे असंच. माझ्या मोरपंखी साडीचा पदर गायब झाला तेव्हाही "उंदरानं खाल्ला" म्हणून मोकळे झाले. मी आपली लाटणं घेऊन उंदरांच्या मागे.

सफारीत राही नावाची मुलगी माहिती सांगत होती. "ही आमची राणी. हिला आता जंगलात सोडता येणार नाही."

"का गं बाई? तिकिटं खपतात म्हणून?" मी विचारलं.

ती नुसती हसली. झालं, माझा संशय पक्का.

वाघीण झाडाखाली पाय पोटाशी घेऊन पडली होती. आमचीच कशावरून? रोज शेळ्यांना मी हाळी द्यायचे, ती ऐकून आमची वाघीण वरच्या कातळावर येऊन बसायची. मी जाळीशी गेले आणि तश्शीच हाळी दिली, "टिर्र्र... हो!" माणसं हसायला लागली.

तिनं कान टवकारले. उठली. सरळ माझ्याकडे आली, तीन पायांवर.

अगं आई गं!

"फासात पाय सडला होता, कापावा लागला," राही म्हणाली. "आता शिकार जमत नाही हिला. बाहेर उपाशी मरेल, मावशी."

तो फासही तिथं काचेमागे ठेवलेला. स्कूटरची क्लचवायर. डुकरासाठी फास लावला की आमच्याकडे त्याला चिंधी बांधतात, आपलं माणूस, आपली शेळी अडकू नये म्हणून. ह्यालाही होती. मळलेली, पण मोरपंखी. जरीची.

राहीकडे बघायची मला लाज वाटली. वाघिणीकडे तर बघवेचना.

घरी आले तर हे पडवीत बसलेले. "भेटली का? कधी सोडतायत?"

"भेटली," मी म्हटलं. "आणि माझा पदर खाल्लेला उंदीरपण सापडला. उठा. बाकीचे फास कुठे कुठे लावलेत ते दाखवा."

ह्यांनी खाली मान घालून चपला शोधल्या.