सूर्यकांतरावांची ओहायो तपासणी

सूर्यकांत बेडेकरांनी आयुष्यात एकही कॉलेज धड पास केलं नव्हतं. विद्यापीठातून उपकुलसचिव म्हणून निवृत्त होईपर्यंत ते संलग्नता समितीबरोबर गावोगाव हिंडले. कॉलेज काढणारी मंडळी समितीपुढे काजू मांडायची, शाली पांघरवायची आणि मग मोठ्या अभिमानाने प्रयोगशाळा दाखवायची. ती प्रयोगशाळा आदल्या दिवशी टेंपोतून आलेली असायची. एकाच तालुक्यातल्या तीन कॉलेजांत त्यांना एकच सांगाडा भेटला होता, डाव्या हाताची दोन बोटं नसलेला. तिसऱ्या ठिकाणी त्यांनी त्याला हात जोडून नमस्कार केला, प्राचार्यांना विचारलं, "यांचा प्रवासभत्ता कोण देतं?" आणि काजूला हात न लावता ते बाहेर पडले.

असा माणूस आता कॅनडात मार्कहॅमला मुलाकडे राहत होता आणि त्याच्याकडे तपासायला काही नव्हतं. बायको, लताबाई, गेल्यावर परीक्षितने त्यांना इकडे आणलं. तेव्हापासून सूर्यकांतरावांनी घरातले स्मोक अलार्म तपासले, बेसमेंटचा ओलावा तपासला, शेजाऱ्याने आपल्या दारातला बर्फ फावड्याने आमच्या हद्दीत ढकलला का तेही तपासलं. शेजारी फार सज्जन निघाला, त्यामुळे तीही करमणूक संपली.

बोलायला माणूस म्हणाल तर एकच, नात ऊर्मी. परीक्षित आणि सून रश्मी दोघंही दिवसभर मीटिंगमध्ये, त्यांचं मराठी म्हणजे "बाबा, लंच मायक्रोवेव्ह करून घ्या, मी म्यूटवर आहे." ऊर्मी बारावीला होती. आईबापांनी मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. आजोबांशी मात्र ती मराठीच बोलायची, कारण आल्या दिवशीच सूर्यकांतरावांनी जाहीर केलं होतं की इथलं इंग्रजी आपल्याला अजिबात कळत नाही.

ही शुद्ध थाप होती. उभी नोकरी या माणसाने इंग्रजीत अहवाल लिहिले होते, कुलगुरूंची इंग्रजी पत्रं दुरुस्त केली होती. परीक्षित त्या दिवशी "पण बाबा..." म्हणायला गेला, तेव्हा बापाने त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्याने उघडलेलं तोंड तसंच मिटलं. नातीने आपल्याशी मराठीत बोलावं एवढीच त्यामागची इच्छा होती. दुसऱ्यांचे सांगाडे पकडणाऱ्याने स्वतःच्या घरात हा एक उभा करून ठेवला होता.

तर, ओहायो. ऊर्मीला खगोलशास्त्र शिकायचं होतं आणि तेही अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मिल्सफर्ड नावाच्या एका चिमुकल्या कॉलेजात, जिथे म्हणे पहिल्या वर्षाच्या मुलांनाही वेधशाळेची किल्ली देतात. परीक्षित म्हणाला, "ओहायोत आहे काय? इथे ओंटारिओत काय कमी आहे? ग्वेल्फ युनिव्हर्सिटी बघ, शनिवारी घरी येशील."

"डॅड, इट्स नॉट अबाउट वीकेंड्स!"

परीक्षित पडला मॅनेजर. नाही म्हणायचं असलं की तो नाही म्हणत नाही, कमिटी नेमतो. "आजोबा बघतील," तो म्हणाला. "पुढच्या शनिवारी ओहायोची कॉलेजं इथे फेअरला येतायत. आजोबांनी पास केलं, तर अप्लाय कर. आय प्रॉमिस."

ऊर्मीने बापाकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, आणि न जेवता वर निघून गेली. सांगाड्याची गोष्ट तिने लहानपणापासून व्हिडिओ कॉलवर ऐकली होती.

मुलाचा बेरकीपणा सूर्यकांतरावांना लगेच कळला. आणि खरं सांगायचं तर तो त्यांना आवडलाही. पोरगी गेली तर या घरात आपण कुणाशी बोलायचं, थर्मोस्टॅटशी? ते शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले, ते नापास करायचं हे ठरवूनच. नोकरीत त्यांनी असं आधीच ठरवून कधी केलं नव्हतं, म्हणून जरा अस्वस्थ होते. पण गेले.

परीक्षितने दोघांना हॉटेलच्या दारात सोडलं आणि तो विंटर टायर्स बदलायला गेला. आत हॉलभर टेबलं मांडलेली. एकेका टेबलामागे ओहायोचं एकेक कॉलेज, वर रंगीत कापड, पुढे पेनं आणि चॉकलेटं. सूर्यकांतरावांनी हात मागे बांधले. जुनी चाल आपोआप आली.

"आजोबा, मिल्सफर्ड तिकडे आहे."

"आधी इतर बघू. तुलना करावी लागते."

त्यांनी माहितीपुस्तिका गोळा केल्या. सगळीकडे तेच हिरवं गवत, तेच झाड आणि झाडाखाली पुस्तकाकडे बघून खदाखदा हसणारी तीन मुलं. इतकं हसण्यासारखं पुस्तक असतं तरी कोणतं, असं त्यांच्या मनात आलं. आणि मग एका टेबलापाशी ते थबकले.

"हा चष्मेवाला," ते पुस्तिकेवर बोट ठेवून म्हणाले. "हा मघाशी त्या कोपऱ्यातल्या कॉलेजात शिकत होता."

ऊर्मीने दोन्ही फोटो शेजारी धरले. तोच मुलगा, तोच स्वेटर, तेच हसू. "ओ माय गॉड. आजोबा, सांगाडा!"

दोघंही इतकी हसली की टेबलामागचा गृहस्थ घाबरून चॉकलेटं पुढे करू लागला. सूर्यकांतरावांनी चॉकलेट घेतलं नाही. पण हसता हसता त्यांना एकदम भरून आलं, कारण लताबाई गेल्यावर हे हसायला आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "चल, तुझं मिल्सफर्ड कुठाय?"

मिल्सफर्डचं टेबल वॉशरूमच्या वाटेवर होतं. कापड सुरकुतलेलं, मागे एक पिकल्या केसांची बाई. सूर्यकांतरावांनी खुर्ची ओढली, बसले, आणि मराठीतून तपासणी सुरू केली. ऊर्मी भाषांतर करत होती.

"विचार, वेधशाळा चालू स्थितीत आहे का?"

ऊर्मीने विचारलं. ही ठरलेली खोच होती. याला प्रत्येक कॉलेज "उत्तम स्थितीत" म्हणतं आणि तिथूनच पकडता येतं. बाई म्हणाली, दुर्बीण उत्तम आहे, पण घुमटाची मोटर जळलीय. विद्यार्थी दोरीने ओढून घुमट फिरवतात. जानेवारीत दोरी गोठते, मग वेधशाळा बंद ठेवावी लागते. शिवाय भौतिकशास्त्राला प्राध्यापक दोनच आहेत, त्यांतले एक पुढच्या वर्षी निवृत्त होतायत, नवीन मिळतील की नाही माहीत नाही.

सूर्यकांतरावांना शब्दन् शब्द कळला. चेहरा मात्र त्यांनी कोरा ठेवला आणि नातीकडे वळले. "काय म्हणतायत बाई?"

आता खरी परीक्षा होती. पोरीने सगळं ठीक आहे एवढंच म्हटलं असतं तरी भागलं असतं. म्हाताऱ्याला कुठे कळणार? ऊर्मीने ओठ चावला. तिचे कान लाल झाले होते.

"दुर्बीण चांगली आहे," ती म्हणाली. "पण तो मोटर जळला. मुलं दोरीनी फिरवतात. आणि दोरी फ्रीझ होते, मग बंद. आणि सर दोनच आहेत. एक रिटायर होणार. नवीन... माहीत नाही." मग थांबून म्हणाली, "सगळं सांगितलं, आजोबा."

सूर्यकांतराव खुर्चीत मागे टेकले. झाली का पंचाईत! नापास करायला हवं होतं ते सगळं बाईने ताटात वाढून दिलं होतं, आणि पोरीने त्यातला कणही खाली सांडला नव्हता. इतक्या वर्षांत त्यांना कुणी आपणहून त्रुटी सांगितली नव्हती.

"आणखी काही विचारू?" ऊर्मीने हळूच विचारलं.

"तुला काही विचारायचं असेल तर विचार."

ती बाईकडे वळली आणि घाईघाईने इंग्रजीत विचारलं, ती दोरी पहिल्या वर्षाच्या मुलांना ओढू देतात का? बाई हसून म्हणाली, त्यांनाच ओढायला लावतात. ऊर्मीचा चेहरा असा उजळला की सूर्यकांतरावांना तिकडे बघवेना. ते समोरच्या वॉशरूमच्या पाटीकडे बघत राहिले.

दुपारी जेवायला बसल्यावर परीक्षितने निर्धास्तपणे भात कालवला. "मग बाबा? किती त्रुटी?"

"तीन. मोटर, दोरी आणि प्राध्यापक."

"बघ ऊर्मी..."

"मध्ये बोलू नकोस. तिन्ही त्यांनी स्वतः सांगितल्या. चौथी माझी आहे. ही गेली तर मला करमणार नाही. या घरात मी वेडा होईन. पण ती काही कॉलेजची त्रुटी नव्हे." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "शिफारस करण्यात येत आहे."

परीक्षितचा घास हातातच राहिला. "बाबा, तुम्ही जन्मात कुणाला पास केलं नाहीत!"

"म्हणून तर मला नेमलंस ना?" सूर्यकांतराव म्हणाले. "आता भोग."

रश्मी खुदकन हसली आणि तिने सासऱ्यांच्या पानात तूप वाढलं. ऊर्मी खुर्ची ढकलून आली आणि मागून त्यांच्या गळ्यात पडली. 

जेवणं झाल्यावर दोघं भांडी डिशवॉशरमध्ये लावत होती. सूर्यकांतरावांना काही ते पोटात ठेवून राहवेना. ती बाई मोटरबद्दल खरं बोलली, पोरगी खरं बोलली, आपणच राहिलो.

"ऊर्मी, एक सांगतो. मला इंग्रजी येतं. इथलंसुद्धा. सगळं कळतं."

"माहीत आहे," ऊर्मी ताटली लावत म्हणाली.

"माहीत आहे? कधीपासून?"

"पहिल्या विंटरपासून. तुम्ही हॉकी बघताना कॉमेंटेटरला करेक्ट करता."

सूर्यकांतरावांनी हातातला पेला खाली ठेवला. त्यांच्या डोक्यात हॉटेलचा हॉल पुन्हा एकदा फिरून गेला. "म्हणजे आज तिथे खोटं बोलायची सोयच नव्हती तुला!"

"नव्हती."

म्हणजे तपासणी फसली होती. उभ्या कारकिर्दीत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना गुंडाळलं होतं, आणि तेही खरं बोलून. पण निकाल जाहीर झाला होता आणि जाहीर केलेला निकाल समिती बदलत नसते.

"मग इतकी वर्षं माझ्याशी मराठीत कशाला बोलत बसलीस?"

ऊर्मीने त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा अगदी साधा, त्यांच्यासारखाच कोरा. "तुम्हाला इंग्रजी येत नाही ना, आजोबा. म्हणून."

 सूर्यकांतरावांनी पेला उचलला, उगाच पुन्हा धुतला आणि उजेडात धरून तपासला.

"त्या मोटरच्या त्रुटीची पूर्तता झाली का ते बघायला समितीला प्रत्यक्ष यावं लागेल," शेवटी ते म्हणाले.  "अमेरिकेचा व्हिसा काढावा लागेल मला. त्याला मुलाखत असते म्हणे, इंग्रजीत."

"मी येते ना," ऊर्मी म्हणाली. "ट्रान्सलेट करायला."