पोर्ट हॅलरचा घण

अमेरिकन फुटबॉल, म्हणजे बॉल हातात घेऊन रेघेपार न्यायचा तो खेळ, कसा बघायचा हे पोर्ट हॅलरच्या माणसाला शिकवावं लागत नसे. त्यांच्या टीमचं नाव लोहार. लोहारांकडे बॉल असला की अख्खं स्टेडियम चिडीचूप, कारण मैदानावरच्या पोरांना एकमेकांच्या हाका ऐकू यायला हव्यात. बॉल समोरच्यांकडे गेला रे गेला की असा दंगा, की त्यांना स्वतःचं नावही ऐकू येऊ नये. हा कारभार गेली तीस वर्षं थेल्मा द्राबिककडे होता. बंद पडलेल्या पोलाद कारखान्यातला रुळाचा तुकडा साखळीने टांगलेला आणि बाईच्या हातात घण. तिचा डावा पंजा वर गेला की सगळे गप्प, घण पडला की दंगा.

आणि मग मालकाने टीमच उचलली. हार्लन वायली त्याचं नाव. गाव नवं स्टेडियम बांधून देईना म्हणून फुगून बसला आणि वाळवंटातल्या साल्टेराने बांधून दिलं, तसा टीमचं नाव, रंग, खेळाडू असं सगळं ट्रकांत भरून चालता झाला. अहो, दुकान हलवतात माणसं, गावाचा रविवार कुणी हलवतं का? वर टीव्हीवर हसून म्हणाला, "पोर्ट हॅलरची माणसं जातायत कुठं? ती माझीच आहेत. लोहार दिसले की टाळ्या वाजवणारच."

एवढ्यावर न थांबता त्याने जुन्या प्रेक्षकांना घरोघरी नव्या टोप्या पाठवल्या. थेल्माच्या नवऱ्याने, एमेटने, ती टोपी शेगडीवरचं तापलेलं भांडं उतरवायला घेतली.

"मालकाची एक तरी गोष्ट कामाला आली," तो म्हणाला.

थेल्माला मात्र हसू आलं नाही. 'माझीच आहेत' हे शब्द तिच्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकले होते. एकदा, फक्त एकदा, या माणसाला त्याच्या कानांनी ऐकवायचं होतं, की बाबा रे, आम्ही तुझे नाही.

संधी आली डिसेंबरात. लोहार मार्लोला खेळायला येणार होते. मार्लो म्हणजे तासाभरावरचं गाव, पोर्ट हॅलरचं सात पिढ्यांचं वैरी. तिथल्या ढोलवाल्या क्लेमचा फोन आला.

"थेल्मा, तीस वर्षं तुझ्या घणाने माझं डोकं उठवलंय. एकदा आमच्या बाजूने ठोक की! एक अख्खा कोपरा तुमच्यासाठी राखलाय."

"मार्लोच्या बाजूने? त्यापेक्षा मी सरोवरात उडी मारीन."

"मार ना, कोण अडवतंय? पण आधी रविवारी ये."

ती हो म्हणाली आणि रात्रभर कूस बदलत राहिली. कारण लोहारांत एक रुफस गेन्स होता. तिच्याच गल्लीतला, तिच्या हातचे पिएरोगी, त्या उकडलेल्या करंज्या, खाऊन वाढलेला. पुढच्या फळीच्या मधोमध वाकून बॉल मागे द्यायचा, हे त्याचं काम. साल्टेराला जाताना निरोप घ्यायला आला, तेव्हा त्याने मान वर केली नव्हती. "आंटी, माझं पोट आहे त्यावर," एवढंच म्हणाला होता. तिने त्याला डबा भरून दिला आणि दार लावून घेतलं. त्यानंतर त्याचा फोन नाही, की तिचा नाही.

रविवारी पोर्ट हॅलरचे लोक बसा भरभरून मार्लोला पोचले. पार्किंगमध्ये शेगड्या पेटल्या, सॉसेज भाजली, आणि जन्मात पहिल्यांदा मार्लोवाल्यांनी त्यांना मोहरीची चटणी पुढे केली. क्लेमने रूळ टांगायला स्वतः हात लावला. "जड आहे गं हा," तो म्हणाला.

"मग? तुझ्या ढोलासारखा पोकळ असेल वाटलं काय?" थेल्मा म्हणाली.

खेळ सुरू झाला. लोहार बॉल घेऊन मैदानात उतरले आणि घोळ झाला. जुने रंग दिसले मात्र, थेल्माचा डावा पंजा आपोआप वर गेला! तिच्या मागचा अख्खा कोपरा देवळात बसल्यासारखा गप्प. तीस वर्षांची सवय हो, ती काय बसचं तिकीट बघून बदलते?

"अगं बाई, तुम्हाला काय झोपायला बोलावलंय?" क्लेम ओरडला.

तोवर उशीर झाला होता. त्या शांततेत लोहारांना एकेक हाक खणखणीत ऐकू आली आणि त्यांनी आरामात गुण घेतले. मोठ्या पडद्यावर वायली दिसला. काचेच्या खोलीत बसून त्याने पोर्ट हॅलरच्या कोपऱ्याकडे बघत छातीवर हात ठेवला आणि लवून नमस्कार केला. बघा, माझीच माणसं! थेल्माच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. तरी पुढच्या वेळी बॉल लोहारांकडे आला, तेव्हाही तिला घण काही उचलवेना.

मध्यंतरात एमेट तिच्याशेजारी टेकला.

"हात दुखतोय?"

"हात नाही रे. खाली आपला रुफस आहे. त्याच्या डोक्यावर घण घालू?"

"त्याच्या डोक्यावर कोण घालतंय? थेल्मा, त्या पोराला तू लहानपणी शंभरदा हरवलंस पत्त्यांत. एकदा तरी मुद्दाम हरलीस?"

"तसं केलं असतं तर त्याने पत्ते फेकले असते माझ्या तोंडावर."

"मग झालं तर," एमेट म्हणाला आणि सॉसेज खाऊ लागला.

खेळ शेवटाला आला, तेव्हा मार्लो चार गुणांनी पुढे होतं. पण बॉल लोहारांकडे होता आणि जिच्यापार बॉल गेला की सहा गुण मिळतात ती रेघ हाताच्या अंतरावर. हा शेवटचा डाव साधला की लोहार जिंकणार, आणि वायली आयुष्यभर सांगत फिरणार की पोर्ट हॅलरवाल्यांनी मला साथ दिली. रुफस बॉलवर वाकला. वाकताना त्याने एकदा वर, रुळाकडे पाहिलं. थेल्माला ते दिसलं. तिचा पंजा वर जायला निघाला होता. तो तिने मुठीत आवळला, दोन्ही हातांनी घण धरला आणि घातला.

काय आवाज झाला म्हणता! रूळ कोकलला आणि पोर्ट हॅलरच्या कोपऱ्यातून वर्षभर कोंडलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. बायका किंचाळत होत्या, म्हातारे लाथांनी बाकडी बडवत होते, क्लेम ढोलावर तुटून पडला होता, आणि थेल्मा, रडते आहे की हसते आहे ते तिचं तिलाच कळत नव्हतं, घणावर घण घालत होती. "तुझे नाही! तुझे नाही रे मेल्या!"

खाली हाक दिली गेली, पण ऐकणार कोण? रुफसने अंदाजाने बॉल मागे सोडला. मागचा पोरगा अजून तोंड वळवून ओरडतच होता. बॉल त्याच्या गुडघ्यावर आपटून बर्फात घरंगळला आणि मार्लोचे चारजण त्यावर पालथे पडले. लोहार हरले!

मार्लोवाले पोर्ट हॅलरवाल्यांच्या गळ्यात पडले. पडद्यावर पुन्हा काचेची खोली आली, तर वायलीची पाठ दिसली. कुणाशी न बोलता तो कोट उचलून निघाला होता. एमेटने खिशातली ती जळकी टोपी काढून त्याच्या दिशेने हलवली.

तेवढ्यात मैदान ओलांडून कुणीतरी त्यांच्या कोपऱ्याकडे चालत आलं. हेल्मेट हातात, मान खाली. रुफस! काहींनी हुर्यो सुरू केली. लोहारांचाच सदरा होता ना अंगात.

थेल्माने घण खाली टेकवला आणि डावा पंजा वर केला.

सगळा कोपरा गप्प झाला. पोर्ट हॅलरमध्ये ही शांतता कुणासाठी राखलेली असते, ते रुफसला सांगायला नको होतं. तो कठड्याशी आला. डोळे भरले होते आणि तोंडावर हसू होतं.

"काय ठोकलंस गं आंटी! कानात अजून घणघणतंय."

"चूक झाली का रे माझी?"

"तू ठोकलं नसतंस तर मी तुला कधी माफ केलं नसतं." त्याने कठड्यावरून हात पुढे केला. "दे इकडे. एक माझाही."

तिने घण त्याच्या हातात दिला. रुफस कठड्यावर चढला, त्याने मालकाच्या रिकाम्या काचेकडे एकदा बघितलं आणि अंगातलं सगळं बळ लावून रुळावर घाव घातला. मग मात्र थेल्माने पंजा खाली घेतला आणि अख्खा कोपरा गरजला.