टेम्प नावाचा रकाना

तहरीमनं जळगावच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात सहा वर्षं पुस्तकांच्या सूची केल्या. कॉलेजनं तिची जागाच बंद केली, तेव्हा किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेनं तिला वर्षाच्या करारावर घरबसल्या काम दिलं. जुन्या जहाजांनी समुद्राची आणि हवेची जी मोजमापं घेतली होती, त्यांच्या हजारो फायली तिच्याकडे यायच्या. रकान्यावर कुणी 'टेम्प' लिहिलेलं, कुणी 'एसटी', कुणी नुसतंच 'टी'. एका मोजमापाला सगळ्या जगात एकच नाव असावं म्हणून शास्त्रज्ञांनी एक यादी ठरवली होती. तहरीमनं रकाना कशाचा ते ओळखायचं आणि यादीतलं नाव त्याला द्यायचं.

"लोक फुकट नावं ठेवतात, तुला त्याचा पगार मिळतो," तिचा थोरला भाऊ जुनैद हसायचा. त्याचं केळी पिकवायचं चेंबर होतं, औद्योगिक वसाहतीत.

एप्रिलमध्ये एका दुपारी मोहल्ल्यातली वीज गेली आणि तहरीम लॅपटॉप घेऊन चेंबरवर आली. तिथं जनरेटर होता. ती कोपऱ्यातल्या टेबलाशी बसते न बसते तोच आतून भिकनभाऊंचा आवाज आला. चेंबर उभं राहिलं तेव्हापासून ते तिथं कामाला होते.

"जुनैदशेठ, गार हवा वाढावा. माल तापना."

"तापला कसा? टेम्परेचर सतराच आहे की," जुनैद दारावरच्या आकड्याकडे बोट दाखवत म्हणाला.

"कोनं टेम्परेचर? हवानं का केळानं?" दारावरचा आकडा खोलीतल्या हवेचा होता. भिकनभाऊंनी थर्मामीटरची सुई एका केळात खुपसली आणि एकविसाचा आकडा त्याच्यासमोर धरला. "दखा. एकवीस शे. असंच ठेवं तं उद्या बठ्ठा माल मऊ पडी जाई."

जुनैद मशीनकडे धावला. तहरीमचे हात मात्र कीबोर्डवरच थांबले.

मार्चमध्ये तिनं एका जहाजाच्या दोनशे बारा फायली पुऱ्या केल्या होत्या. प्रत्येकीत 'टेम्प' होतं. जहाज समुद्रात, तेव्हा तापमान समुद्राचंच, असं धरून तिनं सगळ्यांना 'समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान' हे नाव देऊन टाकलं होतं. शेजारून गेलेल्या इतर जहाजांपेक्षा याचे आकडे जरा चढे दिसतात, हे तिला तेव्हाच जाणवलं होतं. पण कामाची घाई होती. थर्मामीटर कुठं बसवलेला होता, हे तिनं कुणालाच विचारलं नव्हतं.

संध्याकाळी तिनं जुनैदला सांगितलं.

"कुणी तक्रार केलीय?"

"नाही."

"मग गप्प बस. जूनमध्ये करार वाढायचाय तुझा."

"भाईजान, मी दिलेलं नाव बघूनच शास्त्रज्ञ ते आकडे वापरतात. दुसरं काही बघतच नाहीत."

तिनं संस्थेला पत्र लिहिलं आणि विचार बदलायच्या आत पाठवूनही दिलं. सकाळी संस्थेतून तिचं काम बघणाऱ्या सुलक्षणा मॅडमचा फोन आला. त्यांनी तहरीमचं सगळं ऐकून घेतलं.

"या आकड्यांवर तीन जणांचं काम चालू आहे," मॅडम म्हणाल्या. "त्यांना आजच थांबवते. तुम्ही खरं काय ते शोधा. त्या जहाजाच्या इंजिनरूममध्ये प्रेमराज पाटील होते. निवृत्त झालेत. तुमच्याच बाजूचे आहेत, धुळ्याचे."

रविवारी ती एसटीनं धुळ्याला गेली. देवपुरात प्रेमराजनानांचं घर होतं. दारात अनोळखी मुलगी, त्यात जहाजाचं नाव घेतेय, म्हटल्यावर नाना चकित झाले.

"जळगावनी शे का तू? बस, बस माय."

तिनं पाणीही न घेता विचारलं, "नाना, थर्मामीटर कुठं होता?"

नाना मोठ्यानं हसले. "तीस वर्षं आकडे पाठवले. हे विचारणारी तू पहिलीच."

वर्तमानपत्राच्या कडेवर त्यांनी जहाजाचं पोट काढलं आणि त्यात एक नळी. इंजिन गार ठेवायला समुद्राचं पाणी त्या नळीतून आत यायचं, पृष्ठभागाच्या चार मीटर खालून. थर्मामीटर त्या नळीत होता. "आणि ती इंजिनरूम म्हणजे भट्टी. आम्हीच शिजायचो, तर पाणी गार राहील होय?"

"म्हणजे सगळ्याच फायली चुकल्या."

"सगळ्या कशा? आधी आम्ही दोरीनं बादली सोडायचो. वरचं पाणी घ्यायचं, त्यात थर्मामीटर बुडवायचा. नळीतला मीच बसवला. माझी डिंपल झाली ना, त्या वर्षी. बसवत होतो आणि घरून तार आली." ते उठले आणि आतून आपली जुनी डायरी घेऊन आले. तारीख होती, साल होतं, नळीची खोलीसुद्धा होती.

त्या डायरीनं फायलींची वाटणी झाली. एकाहत्तर फायलींचं नाव बरोबर होतं, फक्त 'बादलीनं मोजलं' एवढं जोडायचं होतं. उरलेल्या एकशे एक्केचाळीस फायली तिनं पुन्हा उघडल्या. वेगळं नाव, वेगळी खोली, आणि इंजिनाच्या उष्णतेची सूचना. तीन आठवडे ती मान वर न करता बसली होती.

मे महिन्यात लॅपटॉपच्या पडद्यावर बैठक झाली. काय चुकलं ते तहरीमनं सगळ्यांसमोर सांगितलं, काही लपवलं नाही. बोलून झाल्यावर एका तरुण संशोधकानं हात वर केला. नळीत थर्मामीटर बसला त्याच सालापासून समुद्र अचानक कसा तापला, या कोड्यात तो दोन वर्षं अडकला होता. "समुद्र नव्हता तापला," तो म्हणाला आणि डोक्याला हात लावून हसला. बैठकीतले सगळेच हसले.

त्याच बैठकीत ठरलं की कुठं मोजलं आणि कशानं मोजलं, हे दोन रकाने भरल्याशिवाय यापुढं कोणत्याही फायलीला नाव द्यायचं नाही. तो नियम लिहून काढायचं काम मॅडमनी तहरीमकडे दिलं. तिचा करारही आणखी दोन वर्षांसाठी वाढला.

जूनच्या पहिल्या सोमवारी नवी फाईल आली. हवामान केंद्राची होती, आणि रकान्यावर फक्त 'वारा दिशा' लिहिलेलं. तहरीमनं यादी उघडलीच नाही. तिनं केंद्राचा नंबर लावला.

"नमस्कार. एक विचारायचं होतं. वारा जिकडून येतो ती दिशा लिहिता तुम्ही, की जिकडं जातो ती?"

पलीकडचा माणूस बुचकळ्यात पडला. "थांबा हं," तो म्हणाला, "नोंदवही वरच्या मजल्यावर आहे, जाऊन बघून येतो."

"या बघून," तहरीम म्हणाली. "मी थांबते."