हं म्हणण्याचा मान

“अक्का, सांग की. ऊन चढायला लागलं,” सईबाई म्हणाली.

हेमावतीच्या हातात केळीच्या पानाचा तळव्याएवढा तुकडा होता आणि पानावर तांदळाची गरम उकड. पातेलं नुकतंच तीन विटांच्या चुलीवरून उतरवलं होतं. चुलीत नारळाच्या करवंट्या अजून धुमसत होत्या. गच्चीवरचे सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. धाकटी जाऊ सईबाई पितळी सोऱ्या घेऊन. नवरा गिरीधर जुनी धुतलेली वेष्टी, म्हणजे धोतर, पसरून तिच्या कोपऱ्यांवर विटा ठेवता ठेवता. थोरल्या जावेचा मुलगा तरुण, नुंगंबाक्कमहून येताना इस्त्रीचा शर्ट घालून आलेला, आता घामाने भिजलेला. आणि सईबाईची मुलगी भव्या, जी रसायनशास्त्र शिकून आली होती आणि करवंट्या लाकडी कोळशापेक्षा जास्त का तापतात याचा विचार करत चुलीपाशी उकिडवी बसली होती.

हेमावतीने बोटाने थोडी उकड उचलली आणि जिभेवर ठेवली. आधी ऊब. मग मऊ, चिकट काहीतरी, खळ चाटल्यासारखं. मग टोकाशी मिरचीची जळजळ आली, हवी होती तेवढी.

“हं,” ती म्हणाली.

सगळ्यांचा श्वास सुटला. तरुणने कावळ्याचा वाटा कठड्यावर ठेवला.

तांदळाच्या उकडीच्या चकल्या घालायच्या, उन्हात वाळवायच्या आणि वर्षभर तळून खायच्या, यालाच मैलापुरात वडाम म्हणतात. मे महिन्यातलं कत्तिरीचं कडक ऊन सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी घरातली तिन्ही बिऱ्हाडं या गच्चीवर जमायची. उकड शिजली की घरातल्या सगळ्यांत थोरल्या सुनेने ती चाखायची आणि ‘हं’ म्हणायचं. तोवर कोणी बोट लावायचं नाही. त्यानंतर पहिला घास कावळ्याला, मग उकड जराशी निवेपर्यंत सगळ्यांनी पानावर थोडीथोडी ताक घालून खायची, आणि मग सोऱ्या भरायचा. राजसबाई, तरुणची आई, किती वर्षं ‘हं’ म्हणत आली होती. तोवर हेमावती चूल फुंकायची, पळा हलवायची. गेल्या आडी महिन्यात, आषाढात, राजसबाई गेली आणि मान हेमावतीकडे आला.

आणि माघ संपता संपता तिला ताप आला होता. ताप चार दिवसांत उतरला, जाताना चव आणि वास घेऊन गेला. अड्यारचे डॉक्टर म्हणाले होते, येईलही परत, थांबून बघू. ती एकटीच गेली होती, घरी काही बोलली नव्हती. बोलली असती तर यंदाचं पान सईबाईच्या हातात गेलं असतं. सईबाई वाईट नव्हती. पण ती पान घेताना हळहळली असती आणि ती हळहळ हेमावतीला नको होती. उभी हयात रेल्वेच्या तिकीटखिडकीमागे बसून काढल्यावर, घरात एक जागा आपोआप तिच्याकडे चालत आली होती.

म्हणून ती दोन-अडीच महिने चमच्याने मोजून स्वयंपाक करत होती. दुधाची पिशवी फोडताना तारीख बघायची. गॅसची कळ बंद केली की पुन्हा जाऊन बघायची, झोपायला गेली की पुन्हा उठायची. आजही उकड शिजत असताना दोनदा जिना उतरून खाली घरात जाऊन आली होती.

“काय गं, खाली काय सारखं?” गिरीधरने विचारलं होतं.

“पाणी भरायला लावलंय,” ती म्हणाली होती. नळ कोरडा होता.

वडामांचं काय करायचं हे मात्र तिला गेल्या महिन्यात सुचलं होतं, तेही भव्यामुळे. जेवताना भव्या सहज म्हणाली होती, “काकू, तिखट ही चवच नाही, माहितेय? ती जळजळ आहे. तिचा रस्ताच वेगळा.” हेमावतीचा घास हातातच राहिला होता. दुसऱ्या दिवशी तिने भाजीतली मिरची चावून पाहिली. डोळ्यांत पाणी आलं. तिला हसू आलं.

वडामांसाठी हिरवी मिरची आणि मीठ एकत्रच वाटायचं, ही या घरची रीत. मूठभर मिरच्यांना एवढं मीठ, हे प्रमाण ठरलेलं, आणि ते वाटण सईबाईने घरून करून आणायचं, हेही ठरलेलं. मग मीठ कळायची गरजच काय? मिरची जिभेला जेवढी लागते तेवढंच मीठ उकडीत आहे. जळजळ नेहमीएवढी झाली की मीठही नेहमीएवढं. यात कुठे चूक निघेल, हे तिने रात्रभर शोधलं होतं. सापडली नव्हती.

आज वाटण घालताना रीत मोडून तिने पळ्याला लागलेली उकड जिभेला लावून पाहिली, तर जळजळ येतच नव्हती. एक पळी, दुसरी. आपली जीभ तिखटालाही मुकली की काय, या भीतीने तिने आणखी घातलं, आणखी घातलं. शेवटी आली. सईबाई बघत होती, पण पळा थोरल्या सुनेच्या हातात असताना मध्ये बोलायचं नसतं.

कठड्यावर कावळा उतरला. त्याने उकडीत चोच घातली, मान वाकडी केली, चोच सिमेंटवर दोन्ही बाजूंनी पुसली आणि पलीकडच्या टाकीवर जाऊन बसला.

“अरे, हा काय नखरा?” तरुण म्हणाला.

“बीपी असेल त्याला,” गिरीधर म्हणाला. “वय जालं की सगळ्यांनाच होतं.”

भव्या हसली. सईबाईने पानं वाटली. सगळे पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले. खालून रस्त्यावरचा ऑटोचा हॉर्न, लांबून उन्नत रुळांवरून जाणाऱ्या गाडीची घरघर.

“कसं आहे?” हेमावतीने विचारलं.

“सुपर,” तरुण म्हणाला.

“आईसारखंच,” तो पुढे म्हणाला आणि ताकाच्या भांड्याकडे हात नेला.

खिडकीमागे बसून हेमावतीने चेहरे कमी पाहिले होते. काचेखालच्या फटीतून दिसायचे ते हात. घाईचा हात, खोटी नोट सरकवणारा हात, सुटे नाहीत म्हणणारा आणि खिशात खुळखुळवणारा हात. आताही ती हातच बघत होती. तरुणने ताक ओतलं, एक घास घेतला, पुन्हा ताक ओतलं. गिरीधरने उकड पानाच्या कडेला सारली. सईबाईचा हात पानावर नुसताच टेकला होता. भव्याने पाण्याची बाटली उघडली, घटाघटा प्यायली, आणि आईने कोपर मारल्यावर बाटली मागे लपवली.

“आणखी घे, तरुण,” हेमावती म्हणाली.

“पोदुम काकू, पोदुम. पोट भरलं.”

गेल्या वर्षी याच तरुणने पातेलं खरवडलं होतं.

हेमावती उठली. जिन्याकडे गेली, तिथून परत आली. टाकीला फेरी घातली. कोणी काही बोलणार नव्हतं. हे सगळे या पातेल्यातली उकड वेष्टीवर घालतील, वाळवतील, डबे भरून घरी नेतील आणि वर्षभर एकेक वडाम तळून गुपचूप टाकून देतील. आणि पुढच्या वर्षी पुन्हा पान तिच्याच हातात देतील. तिला हवं होतं ते सगळं तिला मिळणार होतं.

सईबाईने सोऱ्यात पहिली पळी ओतायला घेतली.

“थांब सई. भरू नको.”

“का?”

“खारट जालंय.”

“छे गं,” सईबाई जरा जास्तच लवकर म्हणाली. “किंचित वरचढ असेल. वाळलं की बसेल जागेवर.”

“नाही बसणार, आई,” भव्या म्हणाली. “वाळताना पाणी जातं, मीठ तेवढंच राहतं. आणखी खारट होतील.”

“तू गप्प बस, डी!”

“ती बरोबर सांगते,” हेमावती म्हणाली. तिने पदराने मानेवरचा घाम पुसला. “मला कळलंच नाही. तो ताप आला ना, तेव्हापासून काही कळत नाही. मीठ नाही, आंबट नाही. वासही नाही.”

टाकीवरचा कावळा ओरडला.

“दूध,” गिरीधर हळूच म्हणाला.

“काय?”

“नासलेलं दूध माझ्या कॉफीत घातलं होतंस. दोनदा.”

“मग बोलला का नाहीत?”

“मला वाटलं, तू माझ्यावर रागावलीयस.”

“आणि प्यायलात?”

“एकदा प्यालो. दुसऱ्यांदा कुंडीत ओतली.”

तरुणला हसू फुटलं, त्याने ते आवरलं. सईबाई हसली नाही. ती सोऱ्या मांडीवर घेऊन बसली होती.

“मग हं कशावर म्हणालीस, अक्का?”

“मिरचीवर.” आणि हेमावतीने सांगितलं, ठरलेलं प्रमाण, जळजळ, सगळं. सांगताना तिला ते अजूनही बिनचूक वाटत होतं. “पण मिरची लागतच नव्हती गं. म्हणून घालत गेले.”

सईबाईने कपाळावर हात मारला. “अय्यो! मिरच्या यंदा फिक्या आणल्या मी. त्या लांब पोपटी असतात ना, त्या. घरी यांच्या पित्ताचं रोज ऐकून कंटाळले. म्हटलं, कोणाला कशाला सांगायचं, रंग तर हिरवाच आहे.”

“मीठ तेवढंच?”

“मीठ तेवढंच.”

सईबाईने वाटणाचं भांडं उचलून आत बघितलं.

“एक व्हेरिएबल बदललं,” भव्या स्वतःशीच म्हणाली.

“राजसक्का असती तर...” सईबाई बोलायला लागली.

“राजसक्का असती तर मी तिथं चूल फुंकत असते,” हेमावती म्हणाली, “आणि मला कोणी काही विचारलं नसतं. चला, ऊठ. दुसऱ्या घाण्याचं पीठ आहे ना? ते अळणीच शिजवू आणि यात मिसळू. तरुण, करवंट्या घाल. भव्या, पाणी मोज.”

“किती मिसळायचं?” तरुणने विचारलं.

“मला काय विचारतोस? त्या शास्त्रज्ञाला विचार.”

भव्याने जुनी उकड पुन्हा चाखली, डोळे मिटून, आणि म्हणाली, “निम्मं निम्मं करून बघू. नंतर चाखत चाखत जाऊ.”

“चाखायचं एकदाच,” हेमावती म्हणाली. “तेवढी रीत राहू दे.”

दुसरा घाणा शिजवायला वेळ लागला. ऊन गच्चीच्या अर्ध्यावर आलं, अनवाणी पाय पोळायला लागले. गिरीधर वेष्टीवर पाणी शिंपडत राहिला. पळा हेमावतीनेच हलवला. उकड तळाशी लागते की नाही, हे तिला पळ्याच्या दांड्यातून हाताला कळत होतं. शिजल्याचं तिने बोट पाण्यात बुडवून उकडीला टेकवून पाहिलं. बोटाला चिकटली नाही. दोन्ही घाणे मिसळले गेले. निखाऱ्यांत सईबाईने जेवणासाठी चार वांगी खुपसली.

तरुणने पानावर उकड घेतली आणि सवयीने हेमावतीपुढे धरली. मग त्याच्या लक्षात आलं आणि हात तसाच हवेत राहिला.

हेमावतीने पान घेतलं. गरम होतं. उकडीवरून वाफ निघत होती, तिने ती आत ओढली. नाकाला ओलसर ऊब लागली, बाकी काही नाही. एक क्षणभर तिला वाटलं, बोट लावावं. आता उकड चुकणं शक्य नव्हतं. भव्याने मोजलं होतं. ‘हं’ म्हटलं असतं तर ते खरंच ठरलं असतं.

तिने पान सईबाईपुढे केलं.

“मी? नको, अक्का. तू असताना?”

“धर.”

“भव्याला दे मग.”

“भव्याची पाळी येईल तेव्हा येईल. तुला कळतं ना? धर. हात भाजतोय माझा.”

सईबाईने सोऱ्या खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि पान दोन्ही हातांनी घेतलं. पाठ वळवून ती कठड्याकडे गेली. राजसबाई कधी एवढा वेळ घेत नसे. तिचे खांदे दिसत होते, तोंड दिसत नव्हतं.

“हं,” ती शेवटी म्हणाली. मग सगळ्यांकडे वळून पुन्हा म्हणाली, “हं.”

या वेळी कावळ्याने पानासकट घास पळवला.

दुपारी जेवून सगळे खाली पंख्याखाली आडवे झाले. भाजलेल्या वांग्याचं भरीत हेमावतीनेही खाल्लं होतं. त्याच्या बिया दाताखाली आल्या होत्या. खाली तिला झोप आली नाही. ती काळी छत्री घेऊन वर येऊन बसली. वेष्टीवर वडामांच्या पांढऱ्या चकल्या ओळीने पसरल्या होत्या, सईबाईच्या हातच्या जरा वाकड्या. समुद्रावरचा वारा सुटला तशी वेष्टीची कड फडफडली. कावळा दोनदा आला, छत्रीची चाहूल लागताच गेला. गॅसची कळ बघायला मात्र ती उठली नाही. जेवण झाल्यावर सईबाईच बघून आली होती आणि आल्यावर मोठ्याने म्हणाली होती, “बंद आहे.”

ऊन कललं तेव्हा सईबाई सूप घेऊन वर आली.

“गोळा करू?”

हेमावतीने वेष्टीच्या मधला एक वडाम सोडवला, कानाजवळ नेला आणि वाकवला. तो मुकाट दुमडला. मग कडेचा एक उचलून तसाच वाकवला. टक्.

“कडेचे घे,” ती म्हणाली. “मधल्यांना उद्याचं ऊन पाहिजे.”

सईबाई कडेपासून वडाम सोडवायला लागली. हेमावतीने छत्री मिटून बाजूला ठेवली आणि पुढचा वडाम उचलून कानाशी नेला.